हृदयाचा ठेका आणि रक्तांतील साखर

इ. स. १८५६ मध्यें मायस्नर या जर्मन वैद्यानें लायप्झिग येथील एका मुक्याबहिऱ्या मुलीची करुण हकीकत नमूद करून ठेविली. कांहीं किरकोळ अपराधासाठीं तिला शाळेच्या प्रमुखांपुढें उभें करण्यांत आलें, आणि तेथल्या तेथें ती कोसळून गतप्राण झाली. आईबापांस मात्र या वार्तेचें नवल वाटलें नाहीं. त्यांचीं आणखी दोन मुलें, एक भीतीच्या व दुसरें संतापाच्या भरांत, अशींच गेलीं होतीं.

हृदयांतील विजेची हालचाल कागदावर उमटविणारें साधन त्या काळीं नव्हतें. तें हॉलंडमधील आइन्थोव्हेन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध केलें. पुढें १९५७ सालीं नॉर्वेमधील येर्व्हेल व लांगे-नील्सेन यांनीं एकाच कुटुंबांतील चार बहिऱ्या मुलांचें वर्णन केलें. त्यांना वरचेवर मूर्च्छा येई. त्यांतील तिघें अकालीं दगावलीं. प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा सज्ज होण्यास हृदयाला लागणारा काळ त्यांच्या आलेखांत फाजील लांबलेला दिसला. हाच दोष बहिरेपणावांचूनहि वंशांत उतरतो, हें इटलींत रोमानो यांनीं १९६३ मध्यें व आयर्लंडांत वॉर्ड यांनीं १९६४ मध्यें दाखविलें.

या विकाराच्या एका प्रमुख प्रकाराचें मूळ १९९६ सालीं हातीं आलें. केसीएनक्यू-१ नांवाचें जनुक पेशींच्या आवरणांत पोटॅशियमसाठीं एक दार घडवितें. ठोका झाल्यावर या दारानें पोटॅशियम बाहेर पडलें म्हणजे हृदय विसांवतें. दार सदोष असलें कीं विसांवा लांबतो. दोष आई व बाप या दोघांकडूनहि आला, तर कानहि निकामी होतात.

परंतु हें दार हृदयापुरतें व कानापुरतें नाहीं. इन्शुलिन स्रवणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशींतहि तें आहे. याच जनुकाच्या कांहीं सर्वसाधारण भेदांचा मधुमेहाशीं संबंध असल्याचें जपानी संशोधकांनीं २००८ मध्यें दाखविलें. २०१४ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं हा हृदयविकार असलेल्या चौदा जणांस साखरेचें पाणी देऊन तपासलें. निरोगी माणसांपेक्षां त्यांच्या शरीरांत इन्शुलिन अधिक स्रवलें, आणि कांहीं तासांनीं रक्तांतील साखर फार खालीं गेली. पेशींची उत्तेजना वेळेवर न शमल्यानें हृदयाचा विसांवा लांबतो, तसाच इन्शुलिनचा स्रावहि वाढतो.

येथेंच दुहेरी धोका उद्भवतो. साखर उतरली कीं शरीर ॲड्रेनलिन सोडतें, रक्तांतील पोटॅशियम घटतें, आणि हृदयाचा विसांवा आणखी लांबतो. शिवाय या विकारावर दिलीं जाणारीं बीटारोधक औषधें हृदयाचें रक्षण करितात खरीं, पण साखर उतरल्याची सूचना देणारी छातींतील धडधड तींच झांकून टाकतात.

मूर्च्छा आलेल्या मुलास कोणी भित्रें म्हणतो, कोणी ढोंगी ठरवितो, कोणी अपस्माराचें औषध देतो. अशा वेळीं हृदयाचा आलेख काढावा, रक्तांतील साखर पाहावी, आणि घराण्यांत कोणी तरुणपणीं अकस्मात् गेलें काय, असा प्रश्न विचारावा. लायप्झिगच्या त्या आईबापांपाशीं या प्रश्नाचें उत्तर होतें. तें उपयोगीं पडेल असें शास्त्र मात्र त्या काळीं जन्मलें नव्हतें.