स्मार्ट घर उपकरणांचे स्थानिक नियंत्रण

स्मार्ट घर उपकरणांचे स्थानिक नियंत्रण म्हणजे दिवे, पंखे, प्लग इत्यादी उपकरणांना दिलेली आज्ञा घरातील राउटरमार्फत थेट उपकरणापर्यंत पोहोचविण्याची पद्धत होय. याउलट क्लाउड नियंत्रणात मोबाईलवरून दिलेली आज्ञा आधी उत्पादकाच्या दूरच्या सर्व्हरकडे जाते व तेथून इंटरनेटद्वारे घरी येते. त्यामुळे इंटरनेट खंडित झाल्यास समोरचा दिवाही मोबाईलवरून लावता येत नाही.

गरज

मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात ऑक्टोबर २०२३ अखेरीस बीड जिल्ह्यात, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत प्रशासनाने इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवली होती. अशा वेळी घरातील राउटर चालू असला, तरी केवळ क्लाउडवर अवलंबून असलेली उपकरणे ॲपला प्रतिसाद देत नाहीत. उत्पादकाने सेवा बंद करणे हा दुसरा धोका होय. अमेरिकेतील रिव्हॉल्व्ह हे नियंत्रक मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केल्याने निरुपयोगी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हरही अचानक बंद पडले. मात्र स्थानिक जोडणीची सोय असल्याने त्याचे हब अन्य आज्ञावलींतून वापरता आले.

जोडणीतील अडचणी

वारंवारिता : स्वस्त उपकरणांतील वाय-फाय बहुधा केवळ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालते. मोबाईल ५ गिगाहर्ट्‌झवर जोडलेला असल्यास काही ॲपना नवे उपकरण जोडता येत नाही. जोडणीवेळी उपकरण स्वतःचे तात्पुरते वाय-फाय सुरू करते. त्यावर इंटरनेट नसल्याने मोबाईल परस्पर मोबाईल डेटाकडे वळतो आणि प्रक्रिया अर्धवट राहते.

हॉटस्पॉट : जळकोट, मुखेड, उदगीर यांसारख्या तालुक्याच्या गावांत ज्या घरी फायबर जोडणी नाही, तेथे मोबाईलचा हॉटस्पॉट वापरला जातो. तो मोबाईल घराबाहेर गेला की घरातील जाळेच उरत नाही. इंटरनेट नसलेला साधा राउटरही स्थानिक जाळ्यासाठी पुरेसा असतो.

बदलणारा पत्ता : वीज जाऊन परत आल्यावर राउटर उपकरणाला वेगळा आयपी पत्ता देऊ शकतो. जुन्या पत्त्यावर पाठविलेली आज्ञा मग पोहोचत नाही. राउटरमध्ये उपकरणाच्या मॅक पत्त्यासाठी ठरावीक आयपी पत्ता राखून ठेवणे हा यावरील उपाय आहे.

दोन जाळी : फायबर सेवेचे यंत्र व स्वतंत्र राउटर अशी दोन वाय-फाय जाळी असल्यास मोबाईल एका व उपकरण दुसऱ्या जाळ्यात राहते. उपकरणांचा शोध घेणारे एमडीएनएस संदेश सहसा जाळ्याची सीमा ओलांडत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायमध्येही उपकरणांचा परस्परसंपर्क बहुधा बंद असतो.

गुप्त किल्ली : तुया प्रणालीवरील उपकरणांना स्थानिक आज्ञा देण्यासाठी किल्ली लागते. ती मिळविण्यास एकदा तरी क्लाउडवर नोंदणी करावी लागते आणि उपकरण नव्याने जोडल्यास ती बदलते.

वेळ : अनेक उपकरणे इंटरनेटवरून वेळ घेतात. वीज परतली, पण इंटरनेट आले नाही, तर ठरावीक वेळेचे काम चुकते.

पर्याय व मानके

पाउलुस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली होम असिस्टंट ही मुक्तस्रोत आज्ञावली घरातील लहान संगणकावर चालते व अनेक उत्पादकांची उपकरणे एकत्र हाताळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले मॅटर हे मानक स्थानिक नियंत्रणावर आधारलेले असून त्यासाठी घरातील जाळ्यात आयपीव्ही६ चालू असावे लागते. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या ॲटमबर्ग कंपनीच्या स्मार्ट पंख्यांसोबत साधा रिमोटही मिळतो. त्यामुळे वाय-फाय नसतानाही पंखा चालविता येतो.

मर्यादा

स्थानिक नियंत्रणालाही वीज लागते. भारनियमनात राउटर व नियंत्रक संगणक इन्व्हर्टरवर नसल्यास ही सोय थांबते. घराबाहेरून उपकरणे हाताळण्यासाठी इंटरनेट आवश्यकच राहते. म्हणून भिंतीवरील नेहमीचे बटण कायम ठेवणे इष्ट मानले जाते.