‘अभाव’ लिहिण्याआधी: खेळातून उपचार घरापर्यंत कसे आले?

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरनं सिनॉप्सिस वाचायला पाठवला. शीर्षक होतं, ‘गडचिरोली जिल्ह्यातील विकासात्मक विलंब असलेल्या बालकांसाठी खेळोपचार सुविधांचा अभाव : एक अभ्यास’. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हा ‘अभाव’ असतो. माझ्याही होता. माझ्या गाइडनं त्यावर लाल पेनानं गोल करून विचारलं होतं, ‘अभाव कशाचा, आणि तो अभाव आहे हे कुणी ठरवलं?’ तेव्हा राग आला. पण प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर इतिहासात सापडतं.

आपल्या डोक्यात खेळोपचार म्हटलं की एक खोली येते. रंगीत भिंती, खेळणी, प्रशिक्षित थेरपिस्ट, आणि बाहेर बाकावर बसलेली आई. ही खोली युरोप-अमेरिकेतून आली. मेलनी क्लाइन आणि अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९२० च्या दशकात मुलांच्या खेळाकडे मन समजून घेण्याची वाट म्हणून पाहायला सुरुवात केली. १९४७ मध्ये व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांच्या पुस्तकानं खेळोपचाराला पद्धतीचं रूप दिलं. या चित्रात पालक खोलीच्या बाहेर होते.

स्वमग्न मुलांच्या पालकांच्या वाट्याला तर बाहेर बसणंच नाही, दोषही आला. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचं वर्णन केलं, तेव्हा पालकांच्या थंडपणाबद्दलही लिहिलं. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून आईच्या वागण्यालाच कारण ठरवणारा विचार घराघरांत पोचवला. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी हे खोडून काढलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. त्याच वर्षी बर्नार्ड गर्नी यांनी पालकांनाच खेळसत्र घ्यायला शिकवण्याची कल्पना मांडली. हे विसरू नका, कारण हा दोष पुन्हा परत येतो, वेगळे कपडे घालून. त्याकडे शेवटी येते.

मग १९६९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या ग्रामीण भागात पोर्टेज प्रकल्प सुरू झाला. मुलं लांबलांबच्या वस्त्यांत विखुरलेली, रोज केंद्रात आणणं जमेना. म्हणून शिक्षकच आठवड्यातून एकदा घरी जायचा, आईवडिलांना एक छोटं काम दाखवायचा आणि पुढच्या आठवड्यात काय झालं ते बघायचा. बघा, पालकांचा सहभाग इथे काही उदात्त तत्त्वातून आला नाही, अंतरातून आला. १९८७ मध्ये डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या खेड्यांच्या अनुभवावर ‘डिसएबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ लिहिलं. त्यात बांबू, लाकूड, चिंध्या यांपासून साधनं आणि खेळणी कशी करायची हे चित्रांसकट आहे. बांबूचं वर्णन वाचताना आपला जिल्हा आठवतोच.

आता नकाशा काढा. चंद्रपूरपासून वेगळा होऊन २६ ऑगस्ट १९८२ ला झालेला गडचिरोली जिल्हा उत्तर-दक्षिण लांबलचक आहे. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या गावी यायचं तर अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. पाऊण तासाच्या सत्रासाठी दर आठवड्याला एवढा प्रवास, वर दोघांची मजुरी बुडणार. म्हणजे विस्कॉन्सिनचाच प्रश्न, पण कितीतरी कठीण.

आणि या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच जिल्ह्यात तयार झालं होतं, फक्त ते खेळाबद्दल नव्हतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी सुरू केली. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शन देणं, ही सगळी ‘डॉक्टरांची’ कामं त्या करू लागल्या. तुलनेसाठी ४७ गावं होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी कमी झाला. २०११ मध्ये देशभरच्या आशांच्या कामात ही पद्धत आली. तज्ज्ञाशिवाय होणारच नाही असं मानलेलं काम नीट शिकवलं, नीट देखरेख ठेवली तर गावात होतं, याचा हा पुरावा. शिवाय जन्मताना गुदमरलेल्या किंवा फार लवकर जन्मलेल्या बाळांत पुढे विकास मागे पडण्याचा धोका जास्त असतो. बाळ जगलं, आता पुढे काय, हा प्रश्न त्यातूनच येतो.

उरलेलं अर्धं उत्तर गोव्यात शोधलं गेलं. मँचेस्टरमध्ये ‘पॅक्ट’ नावाची पद्धत होती. पालक आणि मूल खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं आणि मग पालक थेरपिस्टबरोबर बसून तेच बघतात. ‘इथे त्यानं गाडी तुमच्याकडे ढकलली, तेव्हा तुम्ही काय केलंत?’ मुलाला शिकवायचं नाही, मुलाच्या मागे जायचं. गोव्यातली ‘संगत’ संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचा गट यांनी ही पद्धत आपल्याकडे बेतली आणि तिला ‘पास’ म्हटलं. सत्रं बारा आणि ती घेणारे तज्ज्ञ नव्हेत, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. २ ते ९ वर्षांची ६५ स्वमग्न मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली.

२०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आलेले निकाल सावकाश वाचा. पालकांचं मुलाच्या कलानं प्रतिसाद देणं खूप वाढलं, परिणामाचा आकार १.६१. मुलानं आपणहून संवाद सुरू करणं वाढलं, ०.९९. पण दोघांचं एकाच गोष्टीत एकत्र लक्ष असण्याचा वेळ वाढला नाही, उलट घटला. संशोधकांनी तेही छापलं. परिसंवादात ‘पास’चं नाव घेणारे बरेचजण पहिले दोन आकडे सांगतात आणि तिसरा गिळतात. तुम्ही गिळू नका. लहान नमुना आहे, आणि जे शिकवलं त्याच्या अगदी जवळचं तेच मोजलं आहे, हेही लिहा.

म्हणून ज्युनिअरला मी सांगितलं की ‘अभाव’ खोडून टाक. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत जाऊन विकासातला विलंबही तपासतात. २०१८ पासून आशांनी बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं असताना घरी जायचं आहे. तिथे खेळ आणि बोलणं हेही त्यांच्या कामात आहे. यंत्रणा कागदावर तरी आहे. मग नेमकं अडतं कुठे?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला घरातली मोठी माणसं उजाडायच्या आत जंगलात असतात, मे महिन्यात तेंदूपानं, पावसाळ्यात रोवणी. मूल कुणाजवळ असतं? घरात बोली माडिया आणि सूचना मराठीत असल्या तर ‘मुलाच्या कलानं घ्या’ हे कसं सांगायचं? तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात, त्यात पाळी येणं, थांबणं, दाखवणं सगळं आहे, पण कुठल्या तपासयादीत हा बैल आहे? आणि आई रोज खेळली नाही, मूल मागे राहिलं, असं नोंदवहीत लिहिलं गेलं तर बेटलहाइम पुन्हा आला, फक्त या वेळी निळ्या शाईनं.

परवा तिचा नवा मसुदा आला. प्रश्न आता असा आहे: ‘मोहफुलांच्या हंगामात गृहभेटीतली खेळाची कामं घरात कोण पार पाडतं?’ मुलाखतींच्या यादीत आया आहेत, आशा आहेत, अंगणवाडीताई आहेत. मी समासात लिहिलं, ‘आजी आणि मोठ्या बहिणी कुठेत?’