वऱ्हाडातील बिनतारी शिक्षण आणि भाषेचा प्रश्न

शिक्षणप्रसाराच्या बिनतारी साधनांचा इतिहास लिहिताना लहरी किती दूर पोहोचल्या, याचीच नोंद बहुधा केली जाते. त्या कोणत्या भाषेतून पोहोचल्या आणि ऐकणाऱ्यास उलट बोलण्याची सोय होती काय, हे प्रश्न मागे राहतात. वऱ्हाडचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांत आकाशवाणीने शेतकरी श्रवणमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोन याप्रमाणे 20 कार्यक्रम झाले. ग्रामस्थ एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. पॉल न्यूराथ यांच्या पाहणीत असे आढळले की, जेथे मंडळे होती तेथे लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता तेथे ती नगण्य होती. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात असल्यामुळे या प्रयोगाबाहेर राहिला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो मुंबई राज्यात आला व 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. पुढे 1975-76 मध्ये उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी-शिक्षणाचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत झाला. त्या राज्यांत मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता.

हा अनुशेष भरून निघण्याची आशा अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात निर्माण झाली. 2015 मध्ये राज्यशासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याची घोषणा झाली आणि 2016 मध्ये धारणी तालुक्यातील हरिसाल हे देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आले. दूरचित्रवाणीसाठी राखीव, परंतु वापरात नसलेल्या लहरींचा तेथे उपयोग करण्यात आला. नेहमीच्या वायफायच्या मानाने या लहरींची लांबी अधिक असल्याने त्या दाट झाडीतून व दूरवर जाऊ शकतात. डोंगराळ मेळघाटास त्या अनुरूप होत्या. शाळा व आरोग्यकेंद्र ही या योजनेची प्रमुख अंगे होती. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत मात्र या गावाची प्रत्यक्ष स्थिती हा जाहीर वादाचा विषय झाला. तो सारा वाद जोडणी चालते की नाही, याभोवती फिरला. भाषेचा प्रश्न त्यात निघाला नाही.

वास्तविक मेळघाटात तोच प्रश्न मूलभूत आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात वऱ्हाडी 7 व्या खंडात मराठीबरोबर येते, तर कोरकू 4 थ्या खंडात मुंडा भाषांबरोबर. अकोल्याच्या मुलाच्या घरची वऱ्हाडी व पुस्तकातील मराठी यांत अंतर आहे खरे, पण ते एकाच भाषेच्या पोटातले आहे. कोरकू मुलाला भाषाकुलच ओलांडावे लागते. कोरकूत द्विवचन आहे, मराठीत ते नाही. ‘कोरकू’ हे नावदेखील ‘कोरो’ म्हणजे माणूस, या शब्दाच्या अनेकवचनातून आले आहे. व्याघ्रप्रकल्पातून अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर पुनर्वसित झालेल्या कोरकू कुटुंबांच्या मुलांपुढेही हेच अंतर उभे आहे. तेथे डोंगराचा अडथळा नाही, तरी भाषेचा आहे.

2020 मध्ये शाळा बंद असता ‘टिलीमिली’ ही मालिका 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. घरोघर पोहोचण्याचा तो प्रयत्न स्तुत्य होता. परंतु त्याची भाषा मराठी होती. ज्या घरात आईवडील कोरकू बोलतात, तेथे मराठी समजावून सांगणारा शिक्षक त्या वेळी नव्हता.

2011 च्या जनगणनेनुसार देशात कोरकूभाषकांची संख्या 7 लाखांहून अधिक आहे. कोरकू देवनागरीत लिहिता येते. त्यामुळे तिच्यासाठी संगणकावर नवी लिपी घडविण्याची गरज नाही. उणीव आहे ती पाठ्यसामग्रीची आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकांची. 1956 च्या मंडळांचे यश रेडिओच्या शक्तीत नव्हते. ऐकलेले आपल्या बोलीत बोलून घेण्याची मुभा श्रोत्यांना होती, यात ते होते. मेळघाटातील कोणत्याही जाळ्याचे मूल्यमापन करताना वेगाच्या आकड्याशेजारी हीही नोंद घेतली गेली पाहिजे.