बार्शी लाइट आणि पाण्याची गाडी

मागच्या बैठकीत हिशेब मांडला, तर तुरीच्या डाळीवर गटाला जे सुटतं त्यातलं निम्मं टेम्पोच्या भाड्यातच जातंय. त्यावरून आम्हांला बार्शी लाइटची गोष्ट आठवली.

मुंबई-मद्रास रेल्वे झाली तेव्हा ती बार्शी बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेली. बार्शी कापसाची पेठ. माल बैलगाडीने स्टेशनावर न्यायचा. पावसाळ्यात चाक रुतलं की काय होतं, हे तुम्हांला आम्ही काय सांगणार! १८९७ साली कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांवर छोटी गाडी सुरू केली. १९०६ला ती पंढरपूरला, १९११ला निजामाच्या राज्यातल्या लातूरला आणि १९२७ला मिरजेला पोचली.

पण या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालत नसे. मुंबईला जाणारं पोतं न् पोतं कुर्डुवाडीला उतरवायचं, पुन्हा चढवायचं. हमाली, खोळंबा, सांडलवंड. रूळ टाकताना कंपनीचा खर्च वाचला आणि तो पुढे वर्षानुवर्षं शेतकऱ्याने भरला, असं आम्हांला वाटतं. अर्थात छोटी गाडी नसती तर कदाचित कुठलीच नसती, हेही खरंच.

१९५४ला सरकारने ही रेल्वे विकत घेतली, तरी लातूरपर्यंत मोठे रूळ व्हायला २००८ उजाडलं. तेव्हा मार्ग वळवून उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, स्टेशन मिळालं. तोवर जिल्ह्याच्या गावालाच रेल्वे नव्हती!

एप्रिल २०१६ आठवतो? लातुरात बायका घागरी घेऊन रात्र-रात्र नंबर लावून बसायच्या. मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाचएक लाख लिटर. त्या टाक्या राजस्थानातल्या कोट्याहून आणलेल्या. अडीच फुटी रुळांवर त्या आल्याच नसत्या.

आता आपलं. मार्च २०२३पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण आमच्या गावची सकाळची गाडी बाजार उघडायच्या दोन तास आधीच निघते. वेळ बदलावी म्हणून आम्ही सात गटांनी सह्यांचा अर्ज दिला. उत्तर नाही. सोमवारी पुन्हा आगारात जाणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी नऊला फाट्यावर थांबा.