फरशीखालची जमीन

दख्खनच्या घरांत पूर्वी बहुधा शेणाने सारवलेली मातीची जमीन असे. इ. स. १८७१ साली मुंबईचा लोहमार्ग शहाबादवरून रायचुरास जाऊन मद्रासच्या मार्गास मिळाला, आणि निजामाच्या राज्यातील तो थराथरांनी सुटणारा चुनखडीचा दगड दूरच्या घरांपर्यंत जाण्यास वाट झाली. परंतु सारवलेल्या जमिनीवर फरशी तशीच बसवीत नसत. आधी जुनी जमीन उकरून भुसभुशीत माती काढीत. मुरूम पसरून, पाणी शिंपून धुम्मसाने ठोकीत. मग पाणसळ लावून चुन्यात फरशी बसवीत. ठोकण्यात कसूर झाली, की जमीन खचे आणि फरशी दुभंगे. नव्या दगडाने गृहिणीचे वरचेवरचे सारवण वाचविले. त्याचा भार मात्र खालच्या चोपलेल्या मातीनेच वाहिला.