पंख्याचा आवाज आणि दुरुस्तीचा अधिकार : एक ऐतिहासिक टिपण

संगणकातील हार्ड डिस्क स्वतः बदलल्यावर यंत्र सुरू होते, जुन्या चकतीवरून उतरवून घेतलेली माहितीही वाचता येते. परंतु आतील पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो आणि त्याचा आवाज थांबत नाही. अ‍ॅपल कंपनीच्या २००९ ते २०११ या काळातील आयमॅक यंत्रांच्या अनेक मालकांना हा अनुभव आला. वरवर पाहता ही केवळ कारागिरीची बाब वाटते. वस्तुतः यंत्राचे घटक परस्परांशी कोणत्या संकेतांनी बोलतात आणि ते संकेत कोणाच्या स्वाधीन असतात, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. त्याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

या इतिहासात १९५६ या वर्षाला दुहेरी महत्त्व आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात आयबीएम कंपनीने '३०५ रॅमॅक' हे यंत्र जाहीर केले. त्याच्या साठवण-विभागात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. अशी यंत्रे प्रायः भाड्याने दिली जात; देखभालही कंपनीचेच अभियंते करीत. त्याच वर्षी जानेवारीत, अमेरिकन सरकारने १९५२ साली याच कंपनीवर दाखल केलेल्या मक्तेदारीविरोधी खटल्यात संमति-निवाडा झाला. यंत्रे विकतही दिली पाहिजेत आणि मालकांना सुटे भाग पुरविले पाहिजेत, असे बंधन त्याने कंपनीवर घातले. ग्राहक हा केवळ भाडेकरू नसून मालक होऊ शकतो, या कल्पनेला त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला.

पुढे चकत्या लहान व स्वस्त झाल्या आणि जोडणीची सामाईक प्रमाणे सिद्ध झाली. २००३ साली 'साटा' हे प्रमाण आले. एका निर्मात्याची चकती दुसऱ्याच्या यंत्रात बसविणे आता सामान्य माणसाच्या आवाक्यात होते. मात्र या प्रमाणीकरणात एक पोकळी राहिली. चकतीने आपल्या प्रकृतीची नोंद ठेवावी, यासाठी 'स्मार्ट' पद्धती १९९० नंतरच्या दशकात प्रमाणात समाविष्ट झाली खरी. तथापि त्यातील एकेका नोंदीचा अर्थ ठरविण्याचे काम बव्हंशी निर्मात्यांकडेच राहिले. तापमानाची नोंद त्यांपैकीच एक.

आयमॅकमधील घोटाळा याच पोकळीत उद्भवला. आधीच्या नमुन्यांत तापमान-संवेदक चकतीच्या अंगावर बाहेरून चिकटविलेला असे. जुन्या चकतीवरून तो काढून नव्या चकतीवर लावला की काम भागे. २००९ च्या अखेरच्या नमुन्यांत चकतीच्या आतील संवेदकच एका बारीक तारेने वाचला जाऊ लागला. ही तार चकतीच्या निर्मात्यानुसार वेगळी असे. २०११ साली तापमानाचा संदेश वीजपुरवठ्याच्या ७ तारांच्या खास जोडणीतून नेण्यात आला आणि तो देणारी विशेष आज्ञावली चकतीतच असणे आवश्यक ठरले. बाजारातील साधी चकती बसविली की हा संदेश येईनासा होई, आणि नियंत्रक पंख्याला पूर्ण वेग देई.

भाषेच्या अभ्यासकाला येथे शून्य प्रत्ययाची आठवण व्हावी. प्रथमा विभक्तीत 'घर' या शब्दाला प्रत्यय लागत नाही. तरीही ते प्रत्यय नसणे अर्थपूर्ण असते, कारण इतर विभक्तींची व्यवस्था आपणांस ठाऊक असते. नियंत्रकाच्या व्यवस्थेत मौनाचा अर्थ 'धोका' असा ठरलेला आहे. हा संकेत अविचारी म्हणता येणार नाही. पंखा जास्त फिरला तर फक्त आवाज होतो, कमी फिरला तर चकती बिघडू शकते. दोष आहे तो हा संकेत मालकापासून झाकलेला राहिला, यात.

यावर जे उपाय रूढ झाले, त्यांची योग्यता या दृष्टीने तपासली पाहिजे. २००९-१० च्या नमुन्यांत संवेदकाच्या दोन तारा एकमेकींस जोडल्या की पंखा शांत होतो. परंतु हा मौनाच्या जागी ठेवलेला खोटा संदेश होय, कारण चकती तापली तरी यंत्रास त्याचा पत्ता लागत नाही. चकतीची 'स्मार्ट' नोंद वाचून पंख्याचा वेग ठरविणारी आज्ञावली अधिक प्रामाणिक आहे. पण ती चालू होईपर्यंत पंखा घोंघावतच राहतो. बाहेरून संवेदक असलेली जोडतार बसविणे हा उपाय सर्वांत समाधानकारक, कारण त्यात यंत्राला खरे उत्तर मिळते.

१९५६ चा निवाडा प्रामुख्याने सुट्या भागांचा विचार करणारा होता. आयमॅकच्या मालकाच्या हाती सुटा भाग होता. नव्हता तो त्याचा संकेत. अलीकडच्या कायद्यांना या भेदाची जाणीव झालेली दिसते. सुटे भाग विशिष्ट यंत्राशी आज्ञावलीने जखडून ठेवण्याच्या प्रथेवर अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२४ साली निर्बंध घातले. भारत सरकारनेही दुरुस्तीच्या अधिकाराच्या विचारार्थ २०२२ साली समिती नेमली. सुटा भाग विकत मिळणे म्हणजे दुरुस्तीचा निम्माच अधिकार होय. उरलेला अर्धा, यंत्राच्या मौनाचा अर्थ मालकाला कळण्यात आहे.