मात्रा किती, आणि कोणत्या हवेत?

तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात १९७४ पासून सिरिंजा, हातमोजे असं वैद्यकीय सामान बंद खोक्यांतच कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली निर्जंतुक होत आलं आहे. मात्रा ठरलेली: २५ किलोग्रे. लासलगावच्या कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे पुरतात. मग एवढा मारा कोणासाठी? मुख्यतः बीजाणूंसाठी. या मात्रेची पारख करायला बॅसिलस प्यूमिलसचे बीजाणूच वर्षानुवर्षं वापरले गेले.

या विषयात नव्यानं येणाऱ्या विद्यार्थ्याला आधी बीजाणूचा चिवटपणा दिसतो: जवळजवळ कोरडा गाभा, त्यात कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल, डीएनएला बिलगलेली चिमुकली प्रथिनं. मला त्याचा दुसरा गुण जास्त मोलाचा वाटतो. बीजाणू थांबतो. अंकुरेपर्यंत तो दुरुस्तीला हात घालत नाही, त्यामुळे किरणांनी केलेली इजा आणि तिचा शेवट यांच्यामध्ये रसायनाला शिरकाव करता येतो.

शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच फट हेरली. बॅसिलस मेगाटेरियमचे कोरडे बीजाणू ऑक्सिजन काढून घेऊन किरणांखाली धरले. किरण थांबल्यावर ऑक्सिजन सोडला, तरी आणखी बीजाणू मेले! आत दीर्घजीवी मुक्त मूलकं ऑक्सिजनची वाट पाहत बसलेली होती. मधल्या वेळात नायट्रिक ऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड दिला, की ती निवतात आणि नंतरचा ऑक्सिजन निरुपद्रवी ठरतो. एकाच मात्रेत इजेचे असे वेगवेगळे वाटे निघाले: ऑक्सिजनशिवाय होणारा, किरण चालू असताना ऑक्सिजन लागणारा, आणि मागाहून लागणारा.

म्हणून रसायनांचे 'संरक्षक' आणि 'संवेदक' असे कप्पे करणारे तक्ते मला फारसे पटत नाहीत. १९५७ मध्ये हॉवर्ड-फ्लँडर्स यांना ऑक्सिजनविरहित ओल्या, वाढत्या जिवाणूंमध्ये नायट्रिक ऑक्साइड मारक ठरलेला दिसला. तीन वर्षांनी कोरड्या बीजाणूंत तोच तारक निघाला. फरक वायूचा नव्हे, ओलीचा आणि वेळेचा. बीजाणू पाण्यात तरंगत असतील तर पाण्यातून उपजणारी मूलकंही हिशेबात धरावी लागतात, आणि गणित आणखी गुंतागुंतीचं होतं.

तेव्हा या, स्वागत आहे. एखादा जगण्याचा आलेख समोर आला की रेषेच्या उताराकडे नंतर पाहा. आधी आकृतीखालचा बारीक मजकूर वाचा: कुपीत कोणता वायू होता, बीजाणू किती कोरडे होते, आणि झाकण केव्हा उघडलं.